बाभुळगावचा बुटका स्टॉपर

राजदीप मुनेश्वरला पहिल्यांदा संघाबाहेर काढलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि कारण होतं त्याची उंची. यवतमाळला जिल्ह्याचा शालेय संघ निवडत होते. निवड करणाऱ्या सरांनी विचारलं, कुठं खेळतोस? तो म्हणाला, स्टॉपर. म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात, बचावाच्या अगदी मधोमध उभा राहणारा. सर हसले. त्या जागेवर उंच पोरं लागतात, तू कडेनं पळ, म्हणाले. राजदीप कडेनं पळाला नाही. मैदानाबाहेर जाऊन बसला आणि संध्याकाळच्या एसटीनं बाभुळगावला परत आला. आई मथुराबाई म्हणाली की सरांनी सांगितलं तिथं खेळला असतास तर निवड तरी झाली असती. त्यावर त्याचं उत्तर एवढंच होतं, "मले तिथं खेळाचंच नाई."

हा हट्ट त्याच्यात आईकडूनच आला होता. मथुराबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. एका वर्षी तांदळाच्या पोत्यात किडे निघाले, तेव्हा तिनं चूल पेटवलीच नाही. चाळून घ्या, धुऊन घ्या, असं सगळ्यांनी समजावलं. ती पोत्यावर बसून राहिली. दुपारी दुसरं पोतं आलं तेव्हाच उठली. बाप धर्मपाल मात्र मवाळ माणूस. तो पूर्वी विजेच्या तारा ओढणाऱ्या एका ठेकेदाराकडं कामाला होता. राजदीप चार वर्षांचा असताना तो खांबावरून पडला. तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा आणि घरच्या ओट्यावर पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. घाईघाईत, पट्टा न लावता चढला म्हणून पडला, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

त्या निवडीच्या दिवशी मैदानाबाहेर बसलेल्या पोराला आणखी एक माणूस बघत होता. जलाल उस्ताद. यवतमाळात त्यांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि मोहल्ल्यातल्या पोरांची एक फुटबॉल टीम होती. तरुणपणी ते स्वतः नागपूरच्या लीगमध्ये स्टॉपर म्हणून खेळलेले. रविवारी ये, म्हणाले. राजदीप रविवारी गेला, आणि पुढची पाच वर्षं एकही रविवार चुकला नाही.

उस्तादांनी त्याला उंच उडायला शिकवलंच नाही. त्यांचं म्हणणं असं की उंच माणसालाही डोक्यानं चेंडू मारायला आधी दोन पावलांची धाव लागते. ती दोन पावलं तू घेऊन टाक. चेंडू हवेत असतानाच त्याच्या वाटेत जाऊन उभा राहा, कंबर लाव, खांदा लाव, म्हणजे त्याचे पाय जमिनीला चिकटून राहतात. त्यांचा पुतण्या शहजाद सहा फूट एक इंच होता. दर रविवारी त्याच्याविरुद्ध राजदीपला पन्नास चेंडू खेळावे लागत. सुरुवातीला पन्नासातले पाच मिळायचे. सोळाव्या वर्षी तीस मिळायला लागले. शहजाद वैतागून म्हणायचा की हा पोरगा समोर असला की उडायला जागाच सापडत नाही.

अठराव्या वर्षी राजदीप नागपूरच्या लीगमध्ये उतरला, एकविसाव्या वर्षी गोव्यातल्या एका क्लबकडं गेला. पगार घेऊन फुटबॉल खेळणारा बाभुळगावातला तो पहिलाच. उंची पाच फूट सात इंचांवर थांबली होती. प्रत्येक नव्या कोचनं पहिल्या दिवशी त्याला दुसऱ्या जागेवर उभं केलं आणि प्रत्येक वेळी तो न विचारता मधोमध येऊन उभा राहिला. गावी आला की लोक विचारायचे, किती गोल मारले? पाच वर्षांत दोन, आणि त्यातला एक आपल्याच जाळ्यात, असं तो सांगायचा. लोकांना ते पटायचं नाही. इतक्या लांब जाऊन गोलच मारत नसेल तर हा करतो काय?

२०१८ मध्ये कोलकात्याच्या एका जुन्या क्लबनं त्याला चार वर्षांच्या करारावर घेतलं. त्या क्लबचं नाव तो आजही तोंडी आणत नाही. सही करण्याआधी क्लबच्या डॉक्टरांनी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत तपासलं आणि दोन्ही गुडघे ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. मथुराबाईला काळजी होती की एवढं काय तपासतात, पोराला काही झालं तर नाही ना. म्हणून त्यानं त्या रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढला आणि धाकट्या बहिणीला, मोनालीला पाठवला. मायला वाचून दाखव, म्हणाला.

दीड वर्ष तो उत्तम खेळला. मग २०२० च्या जानेवारीत, एका सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला, त्याचा बूट गवतात रुतला आणि समोरचा खेळाडू त्याच्या उजव्या गुडघ्यावर पडला. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज आपल्याच पायातून आला हे त्याला क्षणभर कळलंच नाही. तपासणीत निघालं की गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलंय आणि ऑपरेशनशिवाय इलाज नाही. क्लब म्हणाला, हंगाम संपला की बघू. मार्चमध्ये सगळा देशच बंद व्हायला आला. राजदीप बंद लागायच्या चार दिवस आधी कुबड्या घेऊन घरी पोहोचला.

जूनमध्ये क्लबचा एक पानी कागद फोनवर आला. त्यात लिहिलं होतं की खेळाडूचा गुडघा क्लबमध्ये येण्याआधीपासूनच दुखावलेला होता आणि त्यानं ही गोष्ट लपवून ठेवली. खाली सहीची जागा. पाठोपाठ क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. आवाज फार गोड. सही कर आणि मोकळा हो, आम्ही तुला सोडपत्र देतो, बरा झालास की कुठंही खेळ. नाही केलीस तर करार संपेपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, घरी बसून राहशील. दुसरा कुठलाच क्लब तुला घेऊ शकणार नाही.

ज्याला विचारावं तो म्हणाला, कर सही. बरोबरचे खेळाडू म्हणाले, एजंट म्हणाला. कागदावर काय आहे ते कोण बघतं, म्हणाले. जलाल उस्तादांनीही तेच सांगितलं. खेळाडूचं आयुष्य दहा वर्षांचं, त्यातली दोन या भांडणात घालवू नकोस. उस्तादांच्या तोंडून ते ऐकताना मात्र राजदीपला लागलं. पाच वर्षं ज्यांनी मागं सरायचं नाही असं शिकवलं, तेच आता मागं सर म्हणत होते.

चार दिवस धर्मपाल ओट्यावर बसून एकाच मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यानं पोराला जवळ बोलावलं.

"सही करून राह्यला का?"

"ठरलं नाई अजून."

"म्या केलती," धर्मपाल म्हणाला.

राजदीपला आधी समजलंच नाही. मग बापानं हळूहळू सांगितलं. तो घाईत चढला नव्हता. तार बंद आहे असं सांगून त्याला वर चढवलं आणि तार चालू होती. पट्टा त्यानं लावला नाही, कारण पट्टा कधी दिलाच नव्हता. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, माझ्या चुकीनं पडलो. काम जाईल या भीतीनं धर्मपालनं सही केली. काम त्यानंतरही गेलंच. पण कागदावर लिहून दिलं ते दिलं, म्हणून तो तेच सांगत राहिला. बायकोला, पोरांना, गावाला.

"पायाचं काई नाई वाटत मले," तो म्हणाला. "पन कोनी इचारलं का कसे पडले, तं मी माह्याच तोंडानं मले झूठा पाडतो. एकवीस वर्षं झाले. तू नको करू."

मथुराबाई दारात उभी होती. इतकी वर्षं ती नवऱ्याला त्या घाईवरून बोलत आली होती. ती आत गेली. थोड्या वेळानं दोन कप चहा घेऊन आली आणि धर्मपालच्या शेजारी ओट्यावर बसली. त्या घरात नवराबायको असं शेजारी बसलेलं राजदीपनं फारसं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजदीपनं तो कागद झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. सहीच्या जागेवर मराठीत लिहिलं, 'हे खोटं आहे. मी सही करणार नाही.' फोटो काढून पाठवून दिला. सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा आवाजातला गोडवा गेला होता. कुठल्या गावचा आहेस रे तू, असं त्यानं हिंदीत विचारलं. राजदीप म्हणाला, पत्ता कागदावरच आहे.

मग त्यानं फुटबॉल महासंघाच्या तक्रार समितीकडं अर्ज केला. अर्जासोबत पुरावा लागतो म्हटल्यावर तो अडला, कारण तपासणीचा तो रिपोर्ट क्लबकडंच राहिला होता आणि त्याचा जुना फोन केव्हाच फुटला होता. मोनाली तेव्हा यवतमाळला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं आपला फोन पुढं केला. "दादा, मायले वाचून दाखवाले तूच तं पाठवला होता," ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वीचा फोटो, तारखेसकट, जसाच्या तसा.

नोव्हेंबरात वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पुढं काय करायचं हे सांगायला क्लबचा कोणी नव्हता. मोनालीनं आपल्या सरांना विचारून एक तक्ता तयार केला आणि भिंतीवर चिकटवला. पहिला महिना नुसतं पाय सरळ करणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्यावर हात, आणि दाब. त्या दुखण्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मोनाली समोर बसून मोजायची आणि विसाच्या आधी सोडायची नाही. चौथ्या महिन्यात तो चालायला लागला, सहाव्या महिन्यात बेंबळा धरणाच्या भिंतीवर पळायला. भिंत लांब आणि सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. येणारेजाणारे गाडी थांबवून विचारायचे, "काहून पळून राह्यला बापा, आता काय राह्यलं?" तो पळताना उत्तर देत नसे. परत येताना तोच माणूस दिसला, तर हात वर करायचा.

सुनावणी पुढच्या ऑगस्टमध्ये फोनवरच, व्हिडिओ कॉलनं झाली. क्लबच्या वकिलानं फोटो पाहिला आणि विचारलं, स्वतःच्या तपासणीचा फोटो काढून ठेवावा असं तुम्हाला का वाटलं? काही ठरवूनच आला होतात का? राजदीप म्हणाला, "माझी आई घाबरली होती. तिला दाखवायचा होता." समितीतल्या एका बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. ऑक्टोबरमध्ये निकाल आला. दुखापत क्लबच्याच सामन्यात झाली, खेळाडूनं काहीही लपवलेलं नाही, तो करारातून मोकळा. जलाल उस्ताद निकाल ऐकून बाभुळगावला आले. मी चुकीचं सांगितलं होतं, असं त्यांनी धर्मपालसमोर कबूल केलं. नव्या डिझेल पंपासारखं चालतंय का बघू, म्हणून राजदीपचा गुडघा दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

निकाल लागला, पण फोन वाजेना. आठ महिने एकाही क्लबनं विचारलं नाही. एजंटनं खरं ते सांगून टाकलं. गुडघा ही अडचण नव्हतीच. 'केसवाला' म्हणून त्याचं नाव सगळीकडं फिरलं होतं, आणि केसवाला खेळाडू कोणालाच नको असतो. थोडं नमतं घे, त्या क्लबला माफीचं पत्र लिही, मग बघू, असा सल्लाही त्यानं दिला. राजदीपनं एजंट सोडला.

तो उस्तादांच्या टीमकडून खेळायला लागला. दारव्ह्याला, पुसदला, जिथं स्पर्धा असेल तिथं. कोलकात्याच्या दिव्यांखाली खेळलेला माणूस काळी-पिवळी जीपमध्ये पाय दुमडून बसायचा आणि मुरमाच्या मैदानावर उतरायचा. दारव्ह्याच्या स्पर्धेत समोरच्या टीमनं नागपूरहून सहा फूट तीन इंचांचा फॉरवर्ड आणला होता. नव्वद मिनिटांत त्याला एकदाही डोक्यानं चेंडू मारता आला नाही. बक्षीस द्यायला उत्तमसिंग नावाचे पाहुणे आले होते. मूळचे दिग्रसकडल्या तांड्यावरचे, सैन्याच्या संघाकडून खेळलेले, आता पुण्यातल्या एका नव्या क्लबचे कोच. सामन्यानंतर ते राजदीपजवळ आले.

"केस तुनंच केलती ना?"

"हो. पुन्हा तशीच वेळ आली तं पुन्हा करीन. चालत असंन तं बोला, नाई तं चहा घ्या."

उत्तमसिंगांनी चहा घेतला. दोन घोट झाल्यावर म्हणाले, सोमवारी पुण्याला ये.

पुण्यात क्लबच्या लोकांनी तीन कारणं पुढं केली. वय सत्तावीस, उंची कमी, गुडघा कापलेला. केसचं नाव कोणी घेतलं नाही, पण ती खोलीत होतीच. उत्तमसिंगांनी चार दिवस त्याला संघातल्या सगळ्या उंच फॉरवर्डसमोर उभं केलं आणि मालकांना मैदानाकडेला बसवून बघायला लावलं. पाचव्या दिवशी एका वर्षाचा करार झाला. तो एका वर्षाचा करार पुढं दोनदा वाढला, आणि दुसऱ्या हंगामात दंडावर कॅप्टनची पट्टी आली.

२०२४ च्या फेब्रुवारीत ठरलेला सामना होता कोलकात्याला, त्याच जुन्या क्लबविरुद्ध. वरच्या लीगमध्ये जाण्यासाठी त्या क्लबला विजयच हवा होता, बरोबरी चालणार नव्हती. बाभुळगावात धर्मपालच्या ओट्यावर मोबाइल उभा करून माणसं जमली होती. पहिल्या मिनिटापासून चेंडू पुण्याच्या गोलसमोरच होता. राजदीपनं त्या दिवशी वेगळं काही केलं नाही. फॉरवर्डची दोन पावलं घेत राहिला. त्र्याऐंशीव्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला, समोरचा उडायला गेला आणि त्याला जागाच मिळाली नाही. शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक जण एकटाच सुटला. राजदीपनं उजवा पाय लांबवून घसरत चेंडू बाहेर ढकलला. तोच पाय, तोच गुडघा. पूर्ण वजन त्यावर पडलं. ओट्यावर मथुराबाईनं डोळे मिटून घेतले. मोनालीनं तिच्या दंडाला धरून सांगितलं, उठला.

सामना शून्य-शून्य सुटला.

ड्रेसिंग रूमकडं जाताना वाटेत तो सेक्रेटरी उभा होता. केस पिकले होते. हात पुढं करून म्हणाला की काही झालं तरी तू आमचाच खेळाडू, तुला आम्हीच घडवलं. राजदीपनं हात मिळवला नाही. कंबरेवर हात ठेवून, अजून धापा टाकत तो उभा राहिला.

"तो कागद असेल ना अजून तुमच्याकडं?" त्यानं हिंदीत विचारलं. "ज्याच्यावर मी मराठीत लिहून पाठवलं होतं. तो मला द्या. माझ्या वडिलांना दाखवायचा आहे."

तो कागद कधी आलाच नाही. धर्मपालनं मात्र त्या वर्षी आपणहून लोकांना खरं सांगायला सुरुवात केली. मोटार दुरुस्तीला घेऊन कोणी आलं आणि पायाकडं बघितलं, की तो स्वतःच सांगतो, तार चालू होती. ठेकेदार तर केव्हाच वारला. ऐकणाऱ्याला त्याचं फारसं काही नसतं. धर्मपाल सांगतोच.

गेल्या जूनमध्ये राजदीप तिसाव्या वर्षी नव्या कराराची वाट बघत गावी होता. पुण्याचा करार फोनवर आला. त्यात एक ओळ नवी होती. क्लबशी वाद झाल्यास खेळाडूनं बाहेरच्या कोणत्याही समितीकडं जाऊ नये. राजदीपनं करार छापला, ती ओळ पेनानं खोडली आणि बाकी सगळीकडं सह्या करून पाठवून दिला. पाच दिवस काही कळलं नाही. सहाव्या दिवशी उत्तमसिंगांचा फोन आला. मालक चिडले होते, पण तुझी ओळ काढताहेत, असं ते म्हणाले. फक्त तुझी.

त्यानं फोन ठेवला आणि संघातल्या पोरांना एकेक करून फोन लावायला बसला. कोणी मिझोरामचा, कोणी केरळचा, कोणी कामठीचा. प्रत्येकाला सांगितलं, करारातली ती ओळ काढ, माझी काढलीय, तुझीही काढावी लागेल. काही घाबरले. काहींनी उद्या सांगतो म्हटलं आणि सांगितलंच नाही. दोन दिवसांत अकरा जणांनी खोडलेल्या ओळीचे फोटो पाठवले. मालकाचा फोन आला तेव्हा राजदीप धरणाच्या भिंतीवर पळत होता. मालकानं विचारलं, तू खेळायला येतोस की संघटना काढायला? राजदीप म्हणाला, एक तारखेला सरावाला येतो, मी धरून बाराही जण येतो. आणि फोन खिशात घालून पुढं पळाला.